मंतरलेली तलवार परवडते का? डी अँड डी ३.५ चे क्राफ्टिंगचे नियम, कित्येक महिन्यांच्या खेळानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा कल्पनेतल्या साहसांचा खेळ. त्याची ३.५ आवृत्ती २००३ ची. पुढे २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तिचीही सुधारित पुस्तकं २०२४ पासून निघाली. तरी सांगलीत विश्रामबागेला रविवारी दुपारी जमणारा आमचा गट गेल्या उन्हाळ्यापासून ३.५ वरच खेळतोय. कारण एकच, जादूच्या वस्तू बनवण्याचे नियम. मूळ नियम ओपन गेम लायसन्सखाली नेटवर फुकट मिळतात. आम्ही लागतील तेवढी पानं झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, वेगळा खर्च झाला तो फक्त फाशांचा. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा आहे. गावातला दुकानदार मी, लोहार मी, खजिन्यात काय सापडणार हेही मीच ठरवतो. त्यामुळे हे सगळं हिशेबाच्या अंगाने लिहितोय.

नियमाचा गाभा असा. जादूच्या शस्त्राला +१ ते +५ असा बोनस असतो, तो नेम साधण्याच्या फाशात आणि डॅमेजमध्ये (वाराने होणारी इजा) मिळवतात. या बोनसचा वर्ग करायचा आणि २,००० ने गुणायचं, ती बाजारातली किंमत. +१ ला २,००० मोहरा (खेळातली सोन्याची नाणी), +२ ला ८,०००, +३ ला १८,०००, +४ ला ३२,०००, +५ ला ५०,०००. चिलखताला हेच, फक्त २,००० च्या जागी १,०००. स्वतः बनवायचं तर सामानाला निम्मी किंमत, वर किमतीचा पंचविसावा हिस्सा एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की पात्राची लेव्हल वाढते) बनवणाऱ्याच्या खात्यातून कायमचा वजा, आणि दर हजार मोहरांच्या किमतीला एक दिवसाचं काम. म्हणजे +१ तलवारीला १,००० मोहरा, ८० एक्सपी, दोन दिवस. +३ ला ९,००० मोहरा, ७२० एक्सपी, अठरा दिवस, शिवाय बनवणारा किमान नवव्या कास्टर लेव्हलचा (जादू करण्याची पातळी) हवा.

पहिल्या +१ बद्दल आधी बोलतो, कारण तिथेच बहुतेक जण गोंधळतात. मंतरण्याआधी तलवार मास्टरवर्क (उत्तम कारागिरीची) असावी लागते, त्याला ३०० मोहरा जास्त. त्या ३०० मध्ये नेम साधण्याचा +१ मिळूनच जातो. तो आणि जादूचा +१ एकमेकांत मिळवता येत नाहीत. मग वरच्या २,००० मोहरांत हाती काय येतं? डॅमेजमध्ये एक आकडा. साध्या दरोडेखोरांशी लढायचं असेल तर हा सौदा महाग आहे. पण गार्गॉइलसारख्या प्राण्यावर बिनजादूच्या शस्त्राच्या प्रत्येक वाराचे दहा डॅमेज वाया जातात, आणि शॅडो ही शरीर नसलेली भुताटकी समोर आली तर साधी तलवार तिच्या आरपार जाते, ओरखडाही उठत नाही. त्या दिवशी गटात एक तरी +१ शस्त्र नसेल तर पळणं हाच मार्ग उरतो. म्हणून चौथ्या-पाचव्या लेव्हलपर्यंत एक जादूचं शस्त्र हवंच, हे माझं ठाम मत आहे.

तिथून पुढे मात्र हात आखडता घ्यावा. आमचा फायटर (लढवय्या) खेळणारे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, आकड्यांना पक्के. +२ ची तलवार +३ करायला बाजारभावाने १०,००० मोहरा लागतात. अण्णांनी वहीत दुसरी बाजू मांडली: गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर ४,०००, रिंग ऑफ प्रोटेक्शन +१ ला २,०००, क्लोक ऑफ रेझिस्टन्स +१ ला १,०००, चिलखतावर +१ ला १,०००, आणि क्युअर लाइट वून्ड्स या जखमा भरणाऱ्या मंत्राच्या दोन कांड्या १,५०० ला. बेरीज ९,५००. यातले नुसते गॉन्टलेट्सच ताकद दोनने वाढवतात, म्हणजे नेमात एक आणि डॅमेजमध्ये एक. तलवारीच्या तिसऱ्या प्लसने जे मिळणार होतं तेच, ४,००० मध्ये. वर्गाच्या सूत्राचा अर्थ हाच आहे. एकाच वस्तूवर पैसा ओतत गेलात तर प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा महाग, आणि मिळकत तेवढीच. पैसा पसरून लावला की तोच पैसा दुप्पट काम करतो.

बोनसऐवजी शस्त्राचे खास जादुई गुण घेतले तर गणित आणखी सुधारतं. फ्लेमिंग हा गुण एका प्लसच्या बरोबरीचा धरतात, तेव्हा +१ फ्लेमिंग तलवारीचीही किंमत ८,०००, साध्या +२ इतकीच. पण तिच्यात दर वाराला आगीचा एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा), सरासरी साडेतीन डॅमेज. त्यात ग्रेटर मॅजिक वेपन हा स्पेल (मंत्र) धरा. चार कास्टर लेव्हलला एक प्लस, आणि टिकतो लेव्हलमागे एक तास. बाराव्या लेव्हलचा विझर्ड (जादूगार) सकाळी एकदा हा स्पेल टाकतो आणि तलवार दिवसभर +३ असते. जे रोज सकाळी फुकट मिळतं त्यासाठी मोहरा घालू नयेत. तलवार +१ ठेवावी, वर गुण चढवावेत.

आता एक्सपीकडे येतो. माझ्या मते ३.५ चा सगळ्यात मोलाचा नियम हाच, आणि टेबलावर सगळ्यात जास्त वाद यानेच घातला. विझर्ड खेळणारी आमची ताई वालचंद कॉलेजला शिकते. अण्णांनी तलवार बनवून मागितली तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, तलवार तुमची, नाव तुमचं, आणि एक्सपी मी जाळू?" अण्णा म्हणाले, "अगं, सामानाच्या मोहरा सगळ्या मीच देतोय की." दोघांचंही खरं होतं. क्लेरिक (पुजारी) खेळणारा मिरजेचा, त्याच्या मामांचं सतारमेकर गल्लीत दुकान आहे. त्याने सांगितलं की भोपळा, लाकूड, तारा यांचे पैसे वेगळे आणि जवारी लावणाऱ्या हाताचे वेगळे. गिऱ्हाईक दोन्ही देतं, आणि दुसऱ्याबद्दल घासाघीस करत नाही. त्यावर ताईचा चेहरा जरा खुलला.

हाताचे किती, याचं उत्तरही नियमांतच सापडलं. पैसे देऊन स्पेल टाकून घ्यायचा असेल आणि त्यात एक्सपी खर्च होत असेल, तर दर एक्सपीला ५ मोहरा द्यायच्या असं सेवांच्या दरात लिहिलंय. तोच दर आम्ही वस्तूंना लावला. +१ तलवार: सामान १,०००, ८० एक्सपीचे ४००, एकूण १,४००. +२: सामान ४,०००, एक्सपीचे १,६००, एकूण ५,६००. कुठलीही वस्तू घ्या, उत्तर बाजारभावाच्या सत्तर टक्के येतं. मागणाऱ्याचे तीस टक्के वाचतात, बनवणाऱ्याला मोबदला मिळतो. हा दर ठरला आणि टेबलावरची कुरकुर थांबली. ज्या गटात विझर्ड सगळ्यांसाठी राबतो आणि मागे पडतो, त्यांनी हा दर जरूर लावून बघावा.

मागे पडण्याची भीतीही वाटते तेवढी मोठी नाही. ३.५ मध्ये लढाईचे एक्सपी ज्याच्या त्याच्या लेव्हलवर ठरतात. सीआर (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) ६ च्या शत्रूचे सहाव्या लेव्हलला १,८०० धरतात, तर पाचव्या लेव्हलला २,२५०, मग गटात वाटणी. मागे राहिलेला आपोआप जोराने पुढे येतो. ताई बराच काळ एक लेव्हल मागे होती, पण दरी कधी वाढली नाही.

आमच्यातला सगळ्यात लहान गडी स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम खेळून आलेला. तिथे लोखंडी खंजीर आणि मंतरायला लागणारे सगळ्यात लहान 'पेटी' सोल जेम खडे घेऊन बसायचं, मंतरत जायचं, विकत जायचं. कौशल्य वाढतं आणि खिसाही भरतो. तो इथेही कारखाना टाकायला निघाला. पण ३.५ मध्ये वस्तू निम्म्या किमतीला विकली जाते आणि बनवायलाही निम्मीच लागते, वर एक्सपी जातात ते जातातच. नफा शून्य. त्यामुळे इथे वस्तू बनते ती कुणीतरी वापरायची म्हणून, आणि मला ते मनापासून आवडतं. अण्णांच्या तलवारीत ताईचे एक्सपी आहेत हे टेबलावर सगळ्यांना माहीत असतं, नदीकाठच्या लढाईत ती हातातून पडली तेव्हा सगळे तिच्यामागे धावले.

पाचवी आवृत्तीही आम्ही मध्ये काही रविवार खेळून पाहिली. लढाई सुटसुटीत आहे, यात वाद नाही. वस्तूंच्या बाबतीत मात्र २०१४ च्या पुस्तकात दुर्मीळ वस्तूची किंमत ५०१ ते ५,००० मोहरा अशी मोघम दिलेली. बनवायचा वेग दिवसाला २५ मोहरा, आणि लेजेंडरी, म्हणजे अतिदुर्मीळ, वस्तूला ५,००,०००. भागाकार करा, वीस हजार दिवस येतात, पंचावन्न वर्षांच्या आसपास. नंतरच्या पुस्तकांनी हे आटोक्यात आणलं, पण एक्सपीचा खर्च परत आला नाही, आणि आमच्या टेबलाला तोच हवा होता.

कमी मोहरांत सगळ्यात जास्त मोल कशाचं, तर क्युअर लाइट वून्ड्सच्या कांडीचं. ७५० मोहरांत पन्नास चार्ज (वापर), दर चार्जला सरासरी साडेपाच हिट पॉइंट (पात्राचं जीवबळ) भरून येतात. तेवढ्याच पोशन (औषधाच्या कुप्या) घेतल्या तर २,५०० लागतात. क्लेरिकने क्राफ्ट वाँड ही फीट (पात्राचं खास कौशल्य) घेतली तर कांडी ३७५ मोहरा, ३० एक्सपी आणि एका दिवसात होते. आमच्या क्लेरिकने घेतली, आणि त्यानंतर लढाईनंतर विश्रांतीसाठी अख्खा दिवस घालवायची वेळ फारशी आली नाही.

एक दोष मात्र नव्या डीएमने आधीच ओळखून ठेवावा. स्वतःच्या कल्पनेतल्या वस्तूंची किंमत काढायचा जो तक्ता आहे, तो जसाच्या तसा वापरू नये. आज्ञाशब्दाने चालणाऱ्या वस्तूला स्पेल लेव्हल गुणिले कास्टर लेव्हल गुणिले १,८०० असं सूत्र आहे. त्या हिशेबाने क्युअर लाइट वून्ड्सची कधीही न संपणारी अंगठी १,८०० मोहरांत पडते, आणि पन्नास चार्जांत संपणारी कांडी ७५० ला. लहान गड्याने हे हुडकून काढलंच. नियमांतही हा तक्ता केवळ अंदाजासाठी आहे आणि किंमत तशाच छापील वस्तूशी ताडून बघावी असं म्हटलंय. आम्ही आता तेच करतो: कुणी नवी वस्तू मागितली की आधी छापील यादीतली तिच्या जवळची वस्तू शोधायची, तिची किंमत धरायची, आणि तक्ता सगळ्यात शेवटी उघडायचा. त्या अंगठीला मी अजून परवानगी दिलेली नाही.