काळजी विम्याचं परीक्षण, सुनेच्या बाजूने

काळजी विमा म्हणजे परावलंबी झालेल्या माणसाच्या रोजच्या देखभालीचा सरकारी विमा. जपानच्या काळजी विम्याला माझ्याकडून पाचपैकी चार गुण, जर्मनीच्या विम्याला साडेतीन. दोन्ही सेवा मी वापरलेल्या नाहीत, हे आधीच सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला बेडसोर होतात. मधल्या वेळात झोप लागत नाही, म्हणून या योजनांचे नियम वाचत गेले. लोक वॉशिंग मशीन घेण्याआधी वाचतात, तितक्याच चिकाटीने. म्हाताऱ्या माणसासाठी काय करणार हे सगळ्याच सरकारांनी लिहिलेलं असतं. मी शोधत होते ते त्याचं करणाऱ्या माणसाबद्दल.

जपानची योजना एप्रिल 2000 मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथेही हे काम सुना-लेकींवरच पडायचं, नाहीतर घरी बघायला कोणी नाही म्हणून म्हातारी माणसं उपचारांची गरज नसतानाही महिनोन्महिने इस्पितळात राहायची. आता चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो आणि पासष्टीनंतर तो बहुतेकांच्या पेन्शनमधूनच कापला जातो. साधारण अर्धा पैसा हप्त्यांचा, अर्धा करांचा. विमा चालवते स्थानिक पालिका. तिला दर तीन वर्षांनी आराखडा करावा लागतो: किती जणांना मदत लागेल, कोणती सेवा किती पुरवायची आणि त्यासाठी ज्येष्ठांचा हप्ता किती ठेवायचा. सेवा वाढवली तर हप्ता वाढणार, हे लपत नाही. आश्वासन आणि त्याचं बिल एकत्र दाखवणारं सरकारी नियोजन विरळाच, त्यामुळे एक गुण इथेच दिला.

दुसरा गुण गरज ठरवण्याच्या पद्धतीला. अर्ज केला की माणूस घरी येतो आणि 74 गोष्टी तपासतो. अंथरुणात कूस वळवता येते का? नखं स्वतःची स्वतः कापता येतात का? स्वतःचं नाव सांगता येतं का? रात्री जागून दिवसा झोपतात का? हा शेवटचा प्रश्न ज्याने यादीत घातला, त्याने कधीतरी कोणाची रात्र काढलेली असणार. या उत्तरांवरून काळजीला किती वेळ लागेल याचा अंदाज संगणक बांधतो, मग डॉक्टरांचं मत जोडून समिती पातळी ठरवते. पातळ्या सात: दोन थोड्या आधाराच्या, पाच काळजीच्या. निकाल नियमाप्रमाणे 30 दिवसांत. आणि घरात सून आहे म्हणून पातळी खाली येत नाही, कारण मोजमाप फक्त त्या माणसाच्या अवस्थेचं असतं.

पुढचं काम केअर मॅनेजरचं. आठवड्याचं वेळापत्रक तो किंवा ती बसवते: दिवसाचं केंद्र, घरी येणारी मदतनीस, काही दिवस राहायला पाठवायची सोय, अगदी टब घेऊन घरी येऊन आंघोळ घालणारी माणसंसुद्धा. हे आखून देण्याचे पैसे घरच्यांना पडत नाहीत. सेवांच्या खर्चातला दहावा हिस्सा आपला, उत्पन्न जास्त असेल तर 20 किंवा 30 टक्के. पातळीप्रमाणे महिन्याची मर्यादा असते, तिच्यावर गेलात की सगळं खिशातून. ज्यांनी आया, अटेंडंट, रिलीव्हर यांचे फोन स्वतः लावलेत, त्यांना या मॅनेजरची किंमत कळेल. मला तरी सगळ्यांत जास्त हेवा तिचाच वाटला.

एक गुण मात्र कापला, आणि रागाने कापला. स्वयंपाक, झाडलोट, कपडे यांसाठी मदतनीस हवी असेल आणि घरात धडधाकट माणूस राहत असेल, तर ती सहसा मिळत नाही. म्हणजे मोजताना ज्या सुनेला बाजूला ठेवलं, तिला भांड्यांपाशी बरोबर शोधून काढलं. शिवाय 2015 पासून तिथल्या सरकारी मदतीच्या वृद्धनिवासांत नवा प्रवेश सर्वसाधारणपणे काळजीच्या तिसऱ्या पातळीपासून पुढेच. दिवसरात्र ठरल्या वेळी आणि बोलावल्यावरही येणारी सेवा 2012 मध्ये सुरू केली खरी, पण ती सगळीकडे पोचलेली नाही. माणसंच कमी पडतात.

जर्मनीचा विमा 1995 चा. मालकवर्गावर पडणारा हप्त्याचा बोजा भरून काढण्यासाठी तिथे एक धार्मिक सुट्टी रद्द केली. फक्त सॅक्सनी या राज्याने ती ठेवली आणि तिथल्या कामगारांनी हप्ता जास्त भरायचं पत्करलं. असा रोखठोक सौदा मला आवडतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर मात्र तिथे बरीच वर्षं अन्याय झाला. भरवायला, धुवायला किती मिनिटं लागतात यावर सगळं ठरायचं. हातपाय चालतात पण गॅस सुरू ठेवून बाहेर निघून जातात, अशांच्या मागे राहणाऱ्याचा दिवस त्यात बसायचाच नाही. 2017 पासून पाच श्रेणी आल्या आणि स्वतःचं स्वतः किती जमतं हे बघायला लागले.

जर्मनीत सेवेऐवजी रोख पैसे घेता येतात, जपानमध्ये तशी सोय ठेवलेलीच नाही. आमच्याकडे यावर वाद झाला. ‘रोख बरी, आपण आपलं बघू,’ असं नवऱ्याचं म्हणणं. या ‘आपण’मध्ये रात्री कोण उठतं, हे त्याला ठाऊक आहे. रोख रक्कम सेवेच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते आणि ती घेतली की बाहेरचं माणूस घरात येण्याचं कारणच संपतं. तरी साडेतीन दिले, कारण दुसऱ्या श्रेणीपासून पुढच्या माणसाचं आठवड्याला किमान 10 तास, निदान दोन दिवसांत विभागून, घरी करणाऱ्याच्या पेन्शनमध्ये हा विमा पैसे भरतो. तिची नोकरी आठवड्याला 30 तासांहून जास्त नसावी, ही अट आहे. पण तिचं काम नोंदीत येतं आणि तिच्या म्हातारपणाच्या हिशोबात धरलं जातं, हे मी दोनदा वाचून खात्री केली.

इंग्लंडला गुण नाहीत. आयुष्यभराच्या काळजीखर्चाला कमाल मर्यादा घालावी, अशी शिफारस 2011 मध्ये झाली, 2014 मध्ये कायदा झाला, मग पुढे ढकलणं आणि 2024 मध्ये रद्द. न आलेल्या मालाचं परीक्षण काय लिहायचं?