केळी पावडरचा स्प्रे ड्रायर आणि ओपनफोम: गुठळ्यांच्या सिम्युलेशनचा काही महिन्यांचा अनुभव

स्प्रे ड्रायर गरम हवेच्या चेंबरमध्ये पातळ द्रव फवारून त्याची पावडर करतो, आणि ओपनफोम हे अशा प्रवाहांचं सिम्युलेशन करणारं मोफत सॉफ्टवेअर. ते इन्स्टॉल कसं करायचं, मेश (चेंबरची छोट्या कप्प्यांत, म्हणजे सेलमध्ये, केलेली विभागणी) कसा पाडायचा हे लिहीत नाही, वापरणाऱ्यांना ते ठाऊक असतं. काम एकच होतं: पिकलेल्या केळीचा गर, त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (चिकटपणा कमी करणारी स्टार्चची भुकटी), प्रेशर नोझल (दाबाने फवारणारी तोटी), आणि चेंबरमध्ये कण एकमेकांना नेमके कुठे चिकटतात ते शोधणं. निमित्त पावसाळ्याचं. उन्हाळ्यात नीट चाललेल्या सेटिंगवर जुलैत कोनला (चेंबरच्या खालच्या निमुळत्या भागाला) थर धरला आणि सायक्लोनच्या (हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या भांड्याच्या) तळाशी गुठळ्या अडकू लागल्या.

यात हवेचा वाटा मोठा आहे, आणि तो सिम्युलेशनमध्ये घालणं अगदी सोपं आहे. जळगावच्या मे महिन्यातली ४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा किलोमागे साधारण ९ ग्रॅम पाणी घेऊन येते. जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा २१ ग्रॅम. हीटर तापमान वाढवतो, पाणी काढत नाही. तरीही बऱ्याच सिम्युलेशनमध्ये आत येणारी हवा कोरडी ठेवलेली दिसते. पावडरचा ओलावा २ वरून ४ टक्क्यांवर गेला, कोरड्या मिश्रणाचा काच-संक्रमण बिंदू (ज्या तापमानाच्या वर कडक कण मऊ होऊ लागतो) ८० अंश आणि सूत्रातला के हा स्थिरांक ६ धरला, तर मिश्रणाचा हा बिंदू काढणाऱ्या गॉर्डन-टेलर सूत्राने तो बिंदू ५६ वरून ३७ अंशांवर उतरतो. कोनपाशी पावडर ७० अंशांची असेल तर फरक १४ अंशांचा होता, तो ३३ झाला. चिकटपणा साधारण १० ते २० अंशांच्या फरकापासून सुरू होतो. फ्रुक्टोज आणि ग्लुकोजने भरलेल्या केळीत ही रेषा ओलांडायला वेळ लागत नाही.

इथपर्यंत ओपनफोमबद्दल तक्रार नाही. हवेचा भोवरा, तापमानाचे पट्टे, कण भिंतीला कुठे आदळतात, हे सगळं भरवशाचं मिळतं.

खरी अडचण टकरीची. ओपनफोमसोबत येणारं, टकरी मोजणारं ओ'रूर्क मॉडेल इंजिनातल्या डिझेलच्या फवाऱ्यासाठी जन्मलं. ते वेबर नंबर (आदळण्याचा जोर आणि पृष्ठताण यांचं गुणोत्तर) आणि त्रिज्यांचं गुणोत्तर पाहून दोन थेंब एक होतील की घासून निघून जातील ते ठरवतं. द्रवाची व्हिस्कोसिटी (दाटपणा) त्या निर्णयात कुठेच येत नाही. डिझेलला ते चालतं. साय धरलेला अर्धवट वाळलेला केळीचा कण मात्र दुसऱ्याला चिकटतो, त्यात मिसळत नाही. सीताफळासारखा खडबडीत, आत पोकळ्या असलेला गठ्ठा होतो. मॉडेल त्याचा भरीव गोल करून टाकतं. व्यास कमी येतो, घनता जास्त येते, म्हणून गठ्ठा खऱ्यापेक्षा लवकर खाली बसतो आणि सायक्लोनकडे जाणारा माल कमी दिसतो. गुठळी अडकते सायक्लोनमध्ये, आणि आकडे तिथलेच बिघडतात.

दुसरी गोष्ट याहून त्रासाची. टक्कर फक्त एकाच सेलमधल्या पार्सलमध्ये (एकत्र धरलेल्या सारख्या थेंबांच्या गटांमध्ये) तपासली जाते. २० मिलिमीटरच्या सेलमध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यातली पार्सल भिडतात, आणि शेजारच्या सेलमधलं, एका मिलिमीटरवरचं पार्सल सुटून जातं. म्हणजे मेश बदलला की गुठळ्यांचा आकडा बदलतो. ताशी १०० किलो फीड (आत जाणारा गर) आणि ६० मायक्रॉनचे थेंब म्हटले तर सेकंदाला सुमारे २२ कोटी थेंब. सेकंदाला १ लाख पार्सल सोडली तर एकेक पार्सल २,२०० थेंबांच्या वतीने बोलतं. अशा वेळी नोझलजवळच्या सेलमध्ये एकदोनच पार्सल असतील तर त्या टकरींना अर्थ नाही. मेश बारीक करताना पार्सलही त्याच प्रमाणात वाढवा. मात्र जोड्या तपासायचा वेळ एका सेलमधल्या पार्सलच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. कोडमध्ये हात घालायची तयारी असेल तर स्मिट आणि रटलँड यांची २००० सालची एनटीसी पद्धत (सगळ्या जोड्यांऐवजी निवडक जोड्या तपासणारी) घाला, तिचा खर्च पार्सलच्या संख्येच्या सरळ प्रमाणात राहतो.

सुरुवातीला मत असं होतं की हवेसाठी हे उत्तम, गुठळ्यांसाठी निरुपयोगी, तिथे पैसे मोजून पॅकेजच घ्यावं. ते मत आता राहिलेलं नाही. कोड उघडा आहे, म्हणून टकरीनंतरचा निर्णय स्वतः लिहिता येतो: कण अजून पातळ असेल तर विलीन, तापमान काच-संक्रमणाच्या १० अंशांहून वर असेल तर पोकळीसह गठ्ठा, त्याखाली असेल तर उसळून दूर. हे करण्याआधी बाष्पीभवनाचं मॉडेल मात्र बदलावंच लागतं. सोबतचं मॉडेल थेंबाला शेवटपर्यंत मोकळं पाणी समजतं, त्यामुळे कण फार लवकर कोरडा दिसतो आणि चिकट टप्पा गायबच होतो. वाळण्याचा घटता वेग घातल्यावर चिकट पट्टा चेंबरच्या खालच्या भागात, थर धरतो तिथेच उमटला. यासाठी परवान्याला एक रुपया लागला नाही. तो पैसा रॅम आणि यूपीएसवर घालणं शहाणपणाचं.

यूपीएस खरंच लागतो. थेंब सेकंदाला १०० मीटरने निघतो, सेल ५ मिलिमीटरचा असेल तर एका पावलात तो सेल ओलांडू नये म्हणून टाइमस्टेप (एका पावलाचा वेळ) ५० मायक्रोसेकंदांच्या वर नेता येत नाही. १० सेकंदांसाठी २ लाख पावलं. मधेच लाइट गेली तर राइट-इंटरव्हल (निकाल डिस्कवर लिहिण्यातलं अंतर) मोठा ठेवलेला असल्यास दिवस वाया. तो छोटा ठेवा, रन शेवटच्या लिहिलेल्या क्षणापासून पुढे सुरू व्हावा म्हणून स्टार्ट-फ्रॉम लेटेस्ट-टाइमवर ठेवा, जुन्या फायली आपोआप पुसल्या जातील असं पर्ज-राइट लावा. मेमध्ये प्रोसेसर तापून आपणच वेग कमी करतो, म्हणून मोठे रन रात्री लावा.

फाइन्स (फार बारीक पावडर) गठ्ठे होण्यासाठी नोझलजवळ परत सोडायची जागा ठरवायला हे सिम्युलेशन सगळ्यात उपयोगी पडतं. फवाऱ्याच्या फार जवळ सोडल्या तर ओल्या थेंबांत बुडून भरीव गोळे होतात, फार खाली सोडल्या तर चिकटतच नाहीत. पण आकड्यावर विसंबून पाइप कापू नका. आधी दोन वेगळ्या मेशवर तीच जागा येते का पाहा, मग चाळणीवर पावडरचा आकार मोजून ताडून घ्या.