गावात घर की शहरात फ्लॅट? करसवलतीचा हिशेब दारव्ह्याकडून

‘गृहकर्ज घ्या, टॅक्स वाचतो’ हा सल्ला आपल्याकडे शाळेच्या स्टाफरूममध्ये, पंचायत समितीच्या व्हरांड्यात, बँकेच्या काउंटरवर अजूनही मिळतो. देणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर तो सल्ला बहुतेकांसाठी शिळा झाला आहे. त्याच्या भरवशावर यवतमाळ, अमरावती किंवा नागपुरात फ्लॅट बुक करायला निघालेल्या गुरुजी-ग्रामसेवक-लाइनमन मंडळींसाठी ही तुलना. एका बाजूला गावातल्या जागेवर घर, दुसऱ्या बाजूला शहरातला फ्लॅट.

आधी टॅक्सचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात.

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असं जाहीर केलं. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. सरकार यात सुमारे १ लाख कोटींच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडत असल्याचंही त्यांनी सांगितलं. संसदेतल्या चर्चेत विरोधकांचा सूर असा, की आयकर भरणारे मुळात थोडे, जीएसटी मात्र काडीपेटी घेणाराही भरतो. सरकारचं म्हणणं, मध्यमवर्गाच्या हाती पैसा राहिला तर तो खर्च होईल, गुंतवला जाईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण घर बांधणाऱ्याला महत्त्वाची गोष्ट या वादात बाजूलाच पडली: नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळतच नाही. ती फक्त जुन्या प्रणालीत उरली, तीही २ लाखांपर्यंत. ही मर्यादा जुलै २०१४ मध्ये दीड लाखावरून २ लाख झाली आणि तिथंच थांबली. तेव्हाचा सिमेंटचा आणि मिस्त्रीच्या रोजीचा भाव आठवून पाहा.

मग जुनी प्रणाली धरून ठेवावी का? आकडे मांडू. वर्षाचा पगार १२ लाख. जुन्या प्रणालीत ५० हजार प्रमाणित वजावट, अडीच हजार व्यवसाय कर, ८०सी चे (पीएफ, विमा, कर्जाची मुद्दल यांवरच्या वजावटीचे) दीड लाख, घराच्या व्याजाचे पूर्ण २ लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) जादा ५० हजार आणि आरोग्य विम्याचे २५ हजार. इतकं सगळं काठोकाठ भरलं तरी उपकरासह ५९,२८० रुपये कर बसतो. नव्या प्रणालीत शून्य. कर्ज काढून, पॉलिसी घेऊन, पावत्या जमवून ५९ हजार भरायचे, की काहीच न करता शून्य?

पगार १६ लाख असेल तर? त्याच वजावटी धरून जुन्यात १,५५,२२० आणि नव्यात १,१३,१००. इथंही नवीच स्वस्त. जुनी वरचढ व्हायला आणखी १ लाख ४१ हजारांहून जास्त वजावट लागते आणि ती प्रामुख्याने घरभाड्यातूनच येऊ शकते. गोम इथं आहे. घरभाड्याची सूट काढताना भरलेल्या भाड्यातून मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचे १० टक्के वजा होतात. समजा ती बेरीज १० लाख आहे आणि गावातल्या दोन खोल्यांचं भाडं महिन्याला ३ हजार. वर्षाचे ३६ हजार, त्यातून १ लाख वजा. सूट शून्य. पुण्या-मुंबईत २५-३० हजार भाडं देणाऱ्याला हे कलम तारतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णीत तेवढ्या भाड्याचं घर शोधून तर दाखवा! जुन्या सवलती शहरातल्या भाड्याचं माप लावून शिवलेल्या होत्या, आपल्याला त्या कधी नीट बसल्याच नाहीत. सरकारी नोकर नेमणुकीच्या गावी (मुख्यालयी) राहतो की नाही, यावरच्या ग्रामसभेच्या ठरावांवरून दरवर्षी जे रामायण होतं, त्यात हा मुद्दा कोणी काढत नाही.

८०सी मधली कर्जाच्या मुद्दलाची वजावटही बहुतेकांसाठी कागदावरच आहे. भविष्य निर्वाह निधी आणि एलआयसीनेच दीड लाखाचा कोटा भरलेला असतो.

थोडक्यात, पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर घराचा निर्णय घेताना टॅक्सचा रकाना कोराच ठेवा. किंचित वर गेला तरी घाबरू नका. दहा हजारांचं उदाहरण घ्या: पगार १२ लाख ८५ हजार झाला, तर मर्यादेवर गेलेल्या १० हजारांइतकाच कर लागतो, वर उपकर. ६१ हजारांची उडी बसत नाही.

आता घराच्या खऱ्या खर्चाकडे.

शहरातला फ्लॅट बांधकाम सुरू असताना घेतला तर ५ टक्के जीएसटी. किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर नागपूर-अमरावतीत १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर जीएसटी नाहीच. बिल्डर ‘सगळं धरून’ भाव सांगतो तेव्हा यातलं काय धरलं, हे लिहून घ्या. मुद्रांक शुल्क ग्रामपंचायत हद्दीपेक्षा शहरात जास्त. निवासी घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे, म्हणजे ३० लाखांच्या फ्लॅटवर ३० हजार वाचले. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

शहराच्या बाजूने एक वजनदार गोष्ट आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल, घर ३५ लाखांच्या आतलं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं असेल, तर व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे. अट अशी, की कुटुंबाच्या नावे देशात कुठंही पक्कं घर नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, त्यामुळे गावातलं वडिलांच्या नावचं घर आड येत नाही. नगरपरिषद-नगरपंचायतीची हद्दही यात येते. एकट्या पगारावर चालणाऱ्या तरुण शिक्षकासाठी ही रक्कम आयकराच्या सगळ्या गप्पांपेक्षा मोठी आहे.

गावात याच्या तोडीचं काही नाही. घरकुलाचे १ लाख २० हजार सरकारी नोकराला किंवा आयकर भरणाऱ्याला मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गावाच्या बाजूने जमा काय? जागा घरची. आणि मजुरीवरचा जीएसटी. मिस्त्रीला फक्त मजुरीचा ठेका देऊन एकटं घर बांधलं, तर त्या ठेक्यावर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत ठेकेदाराला मालासह काम दिलं, तर १८ टक्के. म्हणून रेती, गिट्टी, लोखंड स्वतः आणून टाका. डोक्याला ताप आहे, पण फरक मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३०० रुपये धरली तर पोतं ३८४ चं ३५४ ला पडायला हवं. ५०० पोती लागली तर १५ हजार. मला विचाराल तर १२ लाखांच्या घोषणेपेक्षा ही सवलत आपल्या भागाला जास्त लागू पडते, कारण शेतीच्या उत्पन्नावर मुळात आयकर नाही, सिमेंट मात्र कास्तकारही विकत घेतो. दुकानदाराने भाव खरंच उतरवला की नाही, ते बिल मागितल्याशिवाय कळणार नाही.

गावातला छुपा खर्च म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खोदून कॉलम आणि प्लिंथ बीम घेतले नाहीत, तर दोन-चार पावसाळ्यांत भिंती तडकतात. गावात स्वस्तात पडतं म्हणणारे पायव्याचा हा खर्च सोडून बोलतात. मुरमाड जागेवरचा अंदाज काळ्या रानातल्या घराला लावू नका.

दुसरी अडचण कागदांची. जागा गावठाणातली असेल, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) आणि स्वामित्व योजनेची (गावठाणातल्या मालकीची) सनद हातात असेल, तर बँकेशी बोलता येतं. वावराच्या बांधावर रीतसर परवानगीशिवाय घर बांधायचं असेल, तर गृहकर्ज विसरा. मग महागडं वैयक्तिक कर्ज किंवा सोसायटीचं कर्ज, आणि तिथं गावाचा स्वस्तपणा संपतो. शिवाय गावातल्या घराला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही. ते राहण्यासाठीच बांधायचं असतं.

घरासाठी काही विकणार असाल, तर काय विकता यावर कर ठरतो. नगरपालिकेच्या ठरावीक अंतराबाहेरचं वावर विकलं, तर भांडवली नफ्याचा कर नाही. ते अंतर १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटर, १ ते १० लाखांच्या शहरापासून ६ आणि त्यापुढे ८. यवतमाळातला प्लॉट विकला तर मात्र कर आहे. २०२४ च्या जुलैत सरकारने महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सोय) काढून टाकला, त्यावर बरीच टीका झाली आणि ऑगस्टमध्ये लोकसभेत दुरुस्ती आली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घरावर निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यातलं कमी असेल ते. संसदेतल्या आरडाओरडीतून घरवाल्याला थेट काही मिळाल्याचं हे एक उदाहरण. याउलट नवं आयकर विधेयक ११ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत गदारोळात चर्चेविनाच मंजूर झालं. १ एप्रिल २०२६ पासून तो कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. आणि प्लॉटच्या या नफ्यावर १२ लाखांची शून्य-कर सवलत चालत नाही, हे विकण्याआधी लक्षात घ्या.

माझा कौल असा. नोकरीची दहा-पंधरा वर्षं उरली असतील, मुलं आठवी-नववीच्या पुढं असतील आणि शहरी योजनेत बसत असाल, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी तयार, दाखला मिळालेला फ्लॅट घ्या. निवृत्ती जवळ आली असेल, गावठाणात सनदेची जागा असेल आणि म्हातारे आई-वडील गावातच राहणार असतील, तर गावात बांधा, मजुरीवर, पायव्यात हात न आखडता. दोन्हीकडे थोडं थोडं करणं, म्हणजे शहरात फ्लॅट भाड्याने देऊन गावात अर्धवट स्लॅब, हा सर्वांत वाईट पर्याय. भाड्यातून ३० टक्के वजावट आणि व्याज वजा होऊन जो तोटा दिसतो, तो नव्या प्रणालीत पगारातून वळता होत नाही.

जुनी की नवी हे पगारदाराला दरवर्षी बदलता येतं. मात्र पगार काढणाऱ्या आहरण अधिकाऱ्याला वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा. न कळवल्यास नवीच धरून कपात होते.