संगीतावर उजळणारं ख्रिसमस ट्री: ईएसपी३२, डब्ल्यूएलईडी आणि पिक्सेल माळांची पारख

‘म्युझिक मोड’ असं लिहून विकल्या जाणाऱ्या साध्या माळा गाणं ऐकत नाहीत, फक्त आवाज किती मोठा एवढंच मोजतात. ड्रम वाजला काय आणि दार आपटलं काय, सगळे दिवे एकदम रंग बदलतात. ड्रम आणि बासरी यांतला फरक त्यांना कळत नाही, आणि कळला तरी दाखवता येणार नाही, कारण अख्खी माळ एकाच वेळी एकाच रंगाची असते. झाडावर खरंच संगीत दिसायला हवं असेल तर दोन गोष्टी लागतात: प्रत्येक दिव्याला स्वतंत्र हुकूम देता येईल अशी पिक्सेल माळ, आणि आवाजातले खर्ज-तार पट्टे वेगळे करणारा कंट्रोलर.

या पारखीत घेतलेली जोडणी अशी आहे. डब्ल्यूएस२८११ किंवा डब्ल्यूएस२८१२बी चिपच्या, ५ व्होल्टच्या, ५० दिव्यांच्या ८ माळा, ईएसपी३२ हा वायफायचा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर डब्ल्यूएलईडी हे मोफत, खुलं फर्मवेअर (बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर), आणि आयएनएमपी४४१ हा बारीकसा डिजिटल मायक्रोफोन. सोबत ५ व्होल्ट १० अँपिअरचा बंद डब्यातला अ‍ॅडॉप्टर, ७४एएचसीटी१२५ ही लेव्हल शिफ्टर (डेटाचा सिग्नल ३.३ वरून ५ व्होल्टला नेणारी) आयसी, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर, ३ अँपिअरचे ८ फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी वायर. हे सगळं १.८ मीटर उंचीच्या झाडाच्या हिशेबानं आहे.

माळ घेताना आधी वायर बघा. तीन तारा असतील (प्लस, डेटा, ग्राउंड) तर ती पिक्सेल माळ. चार तारा दिसल्या तर चौकशी करा: काही चिपना डेटाची जादा तार असते, पण साध्या आरजीबी (अख्खी एकाच रंगाची) माळेलाही चारच तारा असतात आणि ती इथे काही कामाची नाही. पिक्सेलमध्येही बुलेट आणि सीड असे दोन प्रकार मिळतात. बुलेट पिक्सेल १२ मिलिमीटर जाड, पाण्याला दाद न देणारे, पण झाडावर बोजड दिसतात. घरातल्या झाडासाठी हिरव्या वायरीचे सीड पिक्सेलच घ्यावेत. दिवसा ते फांद्यांत दिसतही नाहीत. उघड्या तांब्याच्या तारेच्या ‘फेअरी’ माळा स्वस्त पडतात, पण ती तार इतकी बारीक असते की व्होल्टेज लवकर पडतं.

माळ कशी लावायची

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि नेमका इथेच लोक सवयीनं चुकतात. माळ झाडाभोवती गोल गुंडाळत वर नेली तर पळणारे रंग छान दिसतात, पण आवाजाचा आलेख दिसत नाही, कारण प्रत्येक वेढ्यात दिव्यांची संख्या वेगळी असते. त्याऐवजी माळ उभी लावा. ५० दिव्यांची एक माळ बुंध्यापासून वर न्यायची, शेंड्याखाली वळवायची आणि पुन्हा खाली आणायची. एका माळेत २५-२५ दिव्यांचे दोन उभे स्तंभ होतात. आठ माळांचे १६ स्तंभ. डब्ल्यूएलईडी आवाजाचे पट्टेही १६च करतं, त्यामुळे एका स्तंभाला एक पट्टा असा चोख मेळ बसतो.

मापंही जुळतात. दोन दिव्यांत साडेसात सेंटिमीटर अंतर असेल तर २५ दिव्यांचा स्तंभ १.८७ मीटर होतो. शेंड्याखालच्या वळणापर्यंत झाडाची तिरकी बाजू त्याहून थोडी कमी भरते. उरलेली वायर फांद्यांत आतबाहेर करताना खपते. पायथ्याशी झाडाचा व्यास १.१ मीटर धरला तर घेर साधारण ३.४५ मीटर, म्हणजे दोन स्तंभांत साडेएकवीस सेंटिमीटर. वर मात्र सगळे स्तंभ एकत्र येतात आणि गर्दी होते. ती खटकत नाही, उलट मला ती आवडते: आलेख शेंड्यापर्यंत फक्त गाण्याच्या जोरकस जागीच पोचतो, आणि तेव्हाच शेंडा पेटतो. झाड कोपऱ्यात असेल तर मागच्या भिंतीवर स्तंभ वाया घालवू नका. सोळाही स्तंभ पुढच्या दोन तृतीयांश भागात बसवा.

या मांडणीचा दुसरा फायदा विजेच्या बाजूनं आहे. प्रत्येक माळेचं तोंड आणि शेपूट दोन्ही बुंध्याशी येतात. सगळे जोड खाली, हाताशी आणि झाकता येण्याजोगे. गोल गुंडाळलेल्या माळेत मात्र वीज मध्येच पुरवायची तर वेगळी वायर खोडावरून वर न्यावी लागते.

विजेचा हिशेब

एका पिक्सेलला पूर्ण पांढऱ्या रंगात जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर लागतात. ४०० पिक्सेलचे २४ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टवर १२० वॉट. एवढ्याची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत पाव ब्राइटनेसच भरपूर होतो आणि संगीताच्या इफेक्टमध्ये सगळे दिवे एकाच वेळी पांढरे जवळजवळ कधीच नसतात. म्हणून १० अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घेऊन डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा ८००० मिलिअँपिअर लावायची. मूळ सेटिंगमध्ये ती ८५० असते. ती तशीच राहिली तर ४०० दिवे मिणमिणतात आणि दोष उगाच अ‍ॅडॉप्टरला दिला जातो. ही मर्यादा म्हणजे सॉफ्टवेअरचा अंदाज आहे, ते करंट प्रत्यक्ष मोजत नाही. त्यामुळे फ्यूजला पर्याय नाही.

दीड चौरस मिलिमीटरच्या वायरची एक कडी पायथ्याभोवती फिरवा आणि तिच्यातून आठही माळांना वेगवेगळी वीज द्या, प्रत्येकीच्या प्लसवर ३ अँपिअरचा फ्यूज लावून. सगळी वीज पहिल्या माळेच्या कनेक्टरमधून पुढे ढकलू नका. तीन पिनांचे जेएसटी-एसएम कनेक्टर ३ अँपिअरसाठीच बनवलेले असतात, जास्त ओढलं की गरम होऊन वितळतात. वीज कडीतून मिळत असल्यामुळे दोन माळांमधल्या जोडात प्लसची तार कापून टाका, डेटा आणि ग्राउंड तेवढे चालू ठेवा. माळेच्या दोन्ही टोकांना बहुधा प्लस-ग्राउंडच्या सुट्या शेपट्या दिलेल्या असतात. वापरात नसलेल्या टोकाच्या शेपटीतही वीज असते. दोन्ही तारांना वेगवेगळं हीटश्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा, नाहीतर चकचकीत झालरीचा धातूसारखा पदर त्यांना भिडायचा. वायरींच्या रंगावरही विसंबू नका, मल्टिमीटरनं तपासा.

दिवे ‘बंद’ असले तरी प्रत्येक चिप एक मिलिअँपिअरच्या आसपास खात राहते. ४०० दिव्यांचे ते जवळपास ०.४ अँपिअर होतात. डब्ल्यूएलईडीला रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडून दिव्यांची वीजच तोडता येते. ती सोय वापरा.

डेटाची तार

ईएसपी३२ बाहेर टाकतं ते ३.३ व्होल्ट. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला ‘हाय’ ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. आखूड वायरीवर हे पुष्कळदा शिफ्टरविना चालून जातं, आणि म्हणूनच फसवतं: टेबलावर नीट चाललेली माळ झाडावर लुकलुकायला लागते. ७४एएचसीटी१२५ हे त्यावरचं खरं औषध. दोन्ही दिशांनी चालणारे छोटे मॉस्फेट शिफ्टर मिळतात, ते ८०० किलोहर्ट्झच्या या डेटासाठी संथ पडतात. आयसीच्या आउटपुटला लागून ३३० ओहम, अ‍ॅडॉप्टर जिथे कडीला मिळतो तिथे कॅपॅसिटर, आणि कंट्रोलर व माळ यांचं ग्राउंड एकच. ग्राउंड वेगळं राहिलं तर दिवे वेड्यासारखे रंग दाखवतात. डेटासाठी जीपीआयओ ३४ ते ३९ निवडू नका, त्या पिना फक्त इनपुटच्या आहेत.

एका पिक्सेलचा डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद लागतात. चारशेंचे १२ मिलिसेकंद. सेकंदाला ८० च्या आसपास चित्रं ही त्याची कमाल मर्यादा, आणि डोळ्याला ती पुरून उरते. चारशेच्या बरंच पुढे जाणार असाल तर डेटा दोन पिनांवर वाटून द्या.

मायक्रोफोन

आयएनएमपी४४१ची जोडणी: व्हीडीडी ३.३ व्होल्टला, जीएनडी आणि एल/आर दोन्ही ग्राउंडला, एसडी ईएसपी३२च्या पिन ३२ ला, डब्ल्यूएस पिन १५ ला, एससीके पिन १४ ला. वायर १५ सेंटिमीटरच्या आत. त्याच्या पाठीवर किंवा पोटावर एक बारीक भोक दिसेल, आवाज तिथूनच आत जातो. सोल्डरिंग करताना त्यावर कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप चिकटवा. फ्लक्स किंवा साफ करायचं अल्कोहोल आत गेलं की मायक्रोफोन बहिरा होतो. डब्यात बसवताना डब्याचं भोक आणि हे भोक समोरासमोर आणा. अ‍ॅनालॉग मायक्रोफोन टाळा, ईएसपी३२ची अ‍ॅनालॉग बाजू मुळातच खरखरते.

आवाज वायरनं थेट घ्यावा की हवेतून, यावर माझा कौल हवेतूनच घ्यावा असा आहे. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतं. फोनमधून थेट सिग्नल घेतला तर दिवे ठोक्याच्या आधीच उडतात. मायक्रोफोन मात्र कानाला जे ऐकू येतं तेच ऐकतो. आवाजाला तीन मीटर यायला ९ मिलिसेकंद, ५१२ नमुन्यांच्या विश्लेषणाला २३ च्या आसपास, आणि डेटा पाठवायचे वरचे १२: एकूण उशीर पन्नासच्या आतच राहतो. ठोका आणि उजेड एकत्र आल्यासारखेच वाटतात.

सेटिंग आणि इफेक्ट

डब्ल्यूएलईडी ब्राउझरमधूनच यूएसबीने चढतं. पहिल्यांदा ते स्वतःचं वायफाय उघडतं, पत्ता ४.३.२.१. ०.१५ आवृत्तीत ईएसपी३२च्या नेहमीच्या फर्मवेअरमध्ये आवाजाची सोय असते, ती यूजरमॉडच्या पानावर चालू करून मायक्रोफोनचा प्रकार निवडायचा आणि मग बोर्डाची वीज काढून पुन्हा लावायची. नुसतं सेव्ह करून भागत नाही. जुनं ईएसपी८२६६ असेल तर त्याला हे विश्लेषण झेपत नाही. पण दुसऱ्या ईएसपी३२ने ऐकलेला आवाज वायफायवरून ते घेऊ शकतं, आणि खिडकीतली वेगळी माळ झाडाशी जुळवायला ते तेवढं पुरतं.

टूडी सेटिंगमध्ये रुंदी १६, उंची २५, पहिला दिवा खाली डावीकडे, दिशा उभी, सर्पेंटाइन (एक स्तंभ खालून वर, पुढचा वरून खाली) चालू. सर्पेंटाइन विसरलात तर एकाआड एक स्तंभ वरून खाली वाढतो. तारा लावायचा असेल तर त्याचे पिक्सेल चारशेनंतर जोडा. मॅट्रिक्सबाहेरचा तो वेगळा सेगमेंट राहतो आणि त्याला स्थिर सोनेरी रंग देता येतो.

इफेक्टच्या नावापुढे संगीताचं चिन्ह दिसलं की तो आवाज ऐकतो: एक सूर असेल तर फक्त तीव्रता, जोड सूर असतील तर पट्टे. या मांडणीवर जीईक्यू (पट्ट्यांचा आलेख दाखवणारा इफेक्ट) सर्वांत स्पष्ट दिसतो. बेसचे स्तंभ ठोक्यासरशी उसळतात, पलीकडे झांजांचे बारीक शेंडे थरथरतात. संथ कॅरलसाठी तो उग्र वाटतो, तिथे नॉइजमीटर किंवा प्लाझ्मॉइड कमी ब्राइटनेसवर लावा. पॅलेटमध्ये दोन-तीनच रंग ठेवा. इंद्रधनुष्य लावलं की ताल रंगांत हरवतो. एजीसी (आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय) ‘नॉर्मल’वर ठेवून स्क्वेल्च (याहून बारीक आवाज सोडून देण्याची मर्यादा) वाढवत न्या, गाणं थांबल्यावर झाड पूर्ण शांत झालं पाहिजे. स्क्वेल्च कमी राहिला तर पंख्याच्या घरघरीवरही दिवे थरथरतात. स्ट्रोब मात्र पाहुण्यांसमोर लावूच नका: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमगणारा उजेड फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांना अपाय करू शकतो.

बिघडलं तर

लाल मागितला आणि हिरवा आला: रंगक्रम बदला, डब्ल्यूएस२८१२बीला बहुधा जीआरबी, डब्ल्यूएस२८११ला आरजीबी. पांढरा रंग माळेच्या टोकाला पिवळट, मग लालसर दिसतो: व्होल्टेज पडतंय, कारण निळ्या-हिरव्याला तीनेक व्होल्ट लागतात आणि लाल दोनातच भागवतो; त्या माळेला शेपटाकडूनही वीज द्या. एका दिव्यापुढे सगळं अंधारलं: दोष शेवटच्या पेटत्या दिव्याच्या आउटपुटमध्ये किंवा पहिल्या विझलेल्याच्या इनपुटमध्ये. तो पिक्सेल कापून दुसरा जोडा, डेटाच्या बाणाची दिशा बघून. झाडावर चढवण्याआधी सगळ्या माळा जमिनीवर पसरून २० टक्के पांढऱ्यावर तासभर चालवा आणि प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमटपेक्षा जास्त गरम लागला तर तो जोड पुन्हा करा.

तयार संचांत ट्विंकलीची तुलना होते, आणि एका बाबतीत तो सरस आहे: फोनच्या कॅमेऱ्यानं तो प्रत्येक दिव्याची जागा टिपतो, त्यामुळे माळ कशीही गुंडाळा, चित्र बरोबर उमटतं. सोल्डरिंग नको असेल, मोजमाप नको असेल, तर तोच घ्या. पण संगीतासाठी फोनचा मायक्रोफोन किंवा वेगळं उपकरण लागतं, आणि मेलेला एक पिक्सेल बदलून माळ वाचवायची सोय त्यात नाही. डब्ल्यूएलईडीच्या जोडणीत प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि सुटा बदलता येतो. मल्टिमीटर धरता येणाऱ्यानं हीच करावी.

उतरवताना प्रत्येक माळेच्या तोंडाला १ ते ८ असा नंबर लावा आणि तोंडाची बाजू वेगळ्या रंगाच्या टेपनं दाखवा. माळ कोपराभोवती करकचून गुंडाळू नका, सीड पिक्सेलची वायर दिव्यालगतच तुटते. पुठ्ठ्याच्या रुंद तुकड्यावर सैल गुंडाळून ठेवा.