जीसीसी १५ चं काउंटेड-बाय: पॅकेटवाल्यांना खरंच उपयोग आहे का?

जीसीसी या सी कंपायलरची १५ वी आवृत्ती एप्रिल २०२५ मधे आली तेव्हा बोंबाबोंब झाली ती सी भाषेचं नवं स्टँडर्ड सी२३ डिफॉल्ट केल्याची, आणि साहजिकच होतं म्हणा, ज्यांनी जुन्या कोडमधे स्वतःचा बूल टाइपडेफ करून ठेवलेला त्यांचे बिल्ड धडाधड पडले. ते जुनं स्टँडर्ड मागणारा फ्लॅग टाकला की गप्प बसतं, त्यावर वेळ घालवत नाही. मला बघायचं होतं ते काउंटेड-बाय ॲट्रिब्यूट, म्हणजे स्ट्रक्टच्या शेवटच्या ॲरेची लांबी कुठल्या फील्डमधे आहे ते कंपायलरला सांगणारी खूण. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमधे हे आधीच आलेलं, पण ज्यांची अख्खी टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे) जीसीसीवर बांधलेली आहे ते वाट बघत बसलेले. आता रोजच्या कामात बऱ्यापैकी वापरून झालंय तर लिहून टाकतो, आणि फक्त एवढ्यापुरतंच, की सी मधे पॅकेटं हाताळणाऱ्याला यातून काय मिळतं. बाकी ऑप्टिमायझेशन वगैरे कुणीतरी दुसरा लिहील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नेटवर्किंगमधे जवळपास सगळंच "पुढे ठरलेला हेडर, मागे किती सामान आहे ते हेडरच सांगणार" असं असतं. टीसीपीचा हेडर २० बाइटपासून ६० पर्यंत कितीही, रेडियस या लॉगिन तपासणाऱ्या प्रोटोकॉलच्या ॲट्रिब्यूटला एक बाइट टाइप नि एक बाइट लेंग्थ, लिनक्स कर्नलशी बोलायच्या नेटलिंकच्या ॲट्रिब्यूटला तेच दोन-दोन बाइट. आता हे स्ट्रक्टमधे लिहायचं कसं? जुने लोक शेवटी एका एलिमेंटचा ॲरे ठेवायचे आणि मॅलॉकने मेमरी मात्र जास्तीची मागायचे, विंडोजच्या हेडर फायलींमधे हा प्रकार अजून ढिगाने सापडतो. मग जीसीसीने स्वतःच्या हिकमतीने शून्य साइजचा ॲरे चालवून घेतला. आणि सी९९ ने शेवटी रीतसर रिकामा चौकोनी कंस दिला, फ्लेक्सिबल ॲरे मेंबर. तिन्ही प्रकार एकाच कोडबेसमधे गुण्यागोविंदाने नांदताना बघायचे असतील तर कुठलाही जुना राउटरचा फर्मवेअर उघडा.

गंमत अशी की जीसीसी इतकी वर्षं स्ट्रक्टच्या शेवटी आलेला कुठलाही ॲरे, मग तो ४ चा असो नाहीतर १६ चा, "असेल बाबा फ्लेक्सिबल" म्हणून सोडून द्यायचा. म्हणजे बाउंड चेक (ॲरेच्या हद्दीबाहेर जातोय का ते बघणारा) लावून ठेवलाय आणि नेमका जिथे हवा तिथेच तो झोपलेला. जीसीसी १३ मधे स्ट्रिक्ट-फ्लेक्स-ॲरेज हा फ्लॅग आला, त्याची लेव्हल ३ लावली की रिकाम्या कंसवालाच फ्लेक्सिबल, बाकीचे जेवढे लिहिलेत तेवढेच. लिनक्स कर्नलने ६.५ पासून हे चालू केलंय. याचा पहिला झटका बसतो तो नेटवर्कचा पत्ता ठेवणाऱ्या सॉकॲड्र स्ट्रक्टला, कारण त्यातला डेटा १४ बाइटचा आणि आयपीव्ही६ चा पूर्ण स्ट्रक्ट २८ बाइटचा, वर्षानुवर्षं सगळे बिनधास्त कास्ट करून १४ च्या पुढे लिहीत आलेत. कर्नलवाल्यांनाही तिथे आत युनियन घालून फ्लेक्सिबल ॲरेची सोय करावी लागली.

पण यानंतरही एक भोक राहतंच. ॲरे फ्लेक्सिबल आहे हे कंपायलरला कळलं, लांबी किती ते कोण सांगणार? काउंटेड-बाय म्हणजे तेच: ॲरेच्या डिक्लेरेशनला चिकटवून सांगायचं की याची लांबी याच स्ट्रक्टमधल्या अमुक फील्डमधे आहे.

करून बघितलं ते असं. स्ट्रक्टमधे ३२ बिटचा आयडी, १६ बिटची लेंग्थ, मग बाइटचा रिकाम्या कंसाचा ॲरे. लेंग्थमधे ६४ टाकले आणि मेमकॉपीने २०० बाइट ओतले. मॅलॉक त्याच फंक्शनमधे समोर दिसत असेल तर फोर्टिफाय लेव्हल ३ (मेमकॉपीसारख्या फंक्शनने बफरबाहेर लिहिलं तर प्रोग्रॅम थांबवणारा पर्याय) आधीपण पकडायचा, त्यात नवल नाही. पण खऱ्या कोडमधे बफर कुठल्यातरी पूलमधून येतो, पाच फंक्शनांतून फिरून हातात पडतो, आणि तिथे कंपायलर आंधळा. नेमकं तिथेच काउंटेड-बाय लावल्यावर प्रोग्रॅम "बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड" म्हणून जागच्या जागी मेला. ॲट्रिब्यूट काढलं की तोच प्रोग्रॅम हूं की चूं न करता पुढे गेला. साधं इंडेक्सिंग चुकलं तर फोर्टिफाय काही करत नाही, त्याला सॅनिटायझरचा (प्रोग्रॅम चालताना चुका शोधणाऱ्या तपासणीचा) बाउंड्स पर्याय लावावा लागतो, तो पण आता लांबी बघून बोलतो. आणि हो, ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवून फोर्टिफाय चालत नाही, नाहीतर बसाल शोधत.

एक शिस्त पाळावी लागते. लेंग्थ आधी भरायची, ॲरेला हात नंतर लावायचा. पंगतीला किती माणसं ते आधी सांगा मग पानं मांडा, इतकं सरळ, पण जुना कोड नेमका उलटा लिहिलेला असतो, लूपमधे एकेक एलिमेंट भरत जायचं आणि शेवटी काउंट लिहायचा. कर्नलच्या वायफाय कोडमधे हेच झालं, स्कॅनच्या रिक्वेस्टमधे चॅनल आधी भरले जायचे आणि चॅनलची संख्या मागून, त्यामुळे ॲट्रिब्यूट लावल्यावर "इंडेक्स ० रेंजच्या बाहेर" अशा तक्रारी यायला लागल्या. मॅन्युअलमधे ही अट स्पष्ट दिलीय, पण ॲट्रिब्यूट चिकटवताना मॅन्युअल कोण उघडतं.

आता नावडलेलं, आणि ते जरा सविस्तर, कारण आपल्या धंद्याचा प्रश्न इथेच आहे.

वायरवरून, म्हणजे नेटवर्कवरून जसाच्या तसा आलेल्या हेडरला हे थेट लावता येत नाही. लावता येत नाही म्हणजे कंपायलर अडवत नाही हो, बिनतक्रार कंपाइल होतं, पण अर्थ चुकीचा निघतो. पहिली गोष्ट बाइट ऑर्डर, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी (बिग एंडियन) की लहान आधी (लिटल एंडियन). नेटवर्कवरचा १६ बिटचा ६४ साध्या इंटेल मशीनवर तसाच वाचला तर १६,३८४ दिसतो, आणि कंपायलर बिचारा तोच आकडा खरा धरून चेक करणार. कर्नलमधे यासाठी बिग एंडियन आणि लिटल एंडियनचे वेगळे मॅक्रो केलेत, पण ते आकडा उलटवत वगैरे नाहीत, मशीनचा क्रम जुळत नसेल तर ॲट्रिब्यूटच गायब करतात. म्हणजे इंटेल नि आर्मवर बिग एंडियन फील्डला संरक्षण शून्य. दुसरी गोष्ट, हा आकडा एलिमेंटचा धरतात, बाइटचा नाही, आणि तिथे फक्त फील्डचं नाव चालतं. नेटलिंकच्या लेंग्थमधे हेडरचे ४ बाइट धरलेले असतात, तर "लेंग्थ वजा ४" असं लिहायची सोयच नाही.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: तो आकडा समोरच्याने पाठवलेला असतो! २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षेच्या भगदाडाचं उदाहरण देऊन काही लोक हे ॲट्रिब्यूट विकत फिरतायत, त्यांनी जरा थांबावं. तिथे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने पॅकेटमधल्या १६ बिटच्या लेंग्थवर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर गेली. तोच आकडा काउंटेड-बायला दिला असता तर कंपायलरने पण त्याच खोट्या आकड्यावर मान डोलावली असती. आलेल्या बाइटांशी लेंग्थ ताडून बघायचं काम तुमचं ते तुमचंच.

म्हणून मी आता सरळ दोन स्ट्रक्ट ठेवतो. वायरवाला वेगळा, त्याला काही ॲट्रिब्यूट नाही, तो फक्त वाचायला. हेडरपुरते बाइट आलेत का, लेंग्थ हेडरपेक्षा लहान तर नाही ना, उरलेल्या बाइटांपेक्षा मोठी तर नाही ना, एवढं झालं की आपला होस्टवाला स्ट्रक्ट अलोकेट करायचा, त्यात आपल्या बाइट ऑर्डरमधे काउंट लिहायचा आणि मगच कॉपी. काउंटेड-बाय लागतं ते या दुसऱ्याला, आणि तिथे ते मस्त चालतं. एक कॉपी वाढते हे मान्य, लाखो पॅकेटच्या फास्ट पाथवर हे परवडणार नाही, पण कंट्रोल प्लेनला (राउटिंग, सेटिंग वगैरे सांभाळणाऱ्या कमी पॅकेटांच्या भागाला) काय फरक पडतो.

पॅडिंगच्या, म्हणजे कंपायलर स्ट्रक्टमधे घालतो त्या रिकाम्या बाइटांच्या बाबतीत मात्र कुणीच मदत करत नाही. मघाच्या आयडी-लेंग्थवाल्या स्ट्रक्टचा साइजऑफ ८ येतो आणि डेटाचा ऑफसेट ६. मॅलॉकला साइजऑफ दिला तर दोन बाइट जास्त, चालतंय. पण सॉकेटवर पाठवताना साइजऑफ अधिक लेंग्थ दिलं तर तेच दोन बाइट, जे कुणी भरलेच नाहीत, आत हीपमधला जो काय कचरा असेल तो घेऊन थेट समोरच्याकडे. तिथे ऑफसेटऑफच (डेटा कुठून सुरू होतो ते सांगणारा) वापरायचा, कंपायलर एक शब्द बोलत नाही.

किरकोळ फायदे: युनियनमधे फ्लेक्सिबल ॲरे आता सरळ लिहिता येतो, आधी रिकामा स्ट्रक्ट घुसवायची कसरत लागायची. साध्या पॉइंटरला मात्र १५ मधे काउंटेड-बाय चालत नाही. आणि जीसीसी १४ पासूनची, फ्लेक्सिबल स्ट्रक्ट दुसऱ्या स्ट्रक्टच्या मधोमध बसवला तर ओरडणारी वॉर्निंग, ती एकदा लावून बघाच, जुन्या नेटवर्किंग कोडवर पानंच्या पानं येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या असतात.

माझे पाचपैकी साडेतीन.

फेडोरा ४२ मधे जीसीसी १५ डिफॉल्ट आहे, उबंटू २५.१० मधे पण, डेबियन १३ वाले १४ वरच आहेत आणि उबंटू २४.०४ वाले १३ वर. जुन्यावर अडकला असाल तरी ॲट्रिब्यूट आहे का ते विचारणारा प्रीप्रोसेसर चेक लावून एक मॅक्रो करून टाका, नसेल तिथे तो रिकामा. कोड दोन्हीकडे कंपाइल होतो, आणि डेव्हलपरच्या लॅपटॉपवर नवीन जीसीसीने टेस्ट चालवल्या तरी अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात, मग बोर्डाच्या व्हेंडरने दिलेली टूलचेन कुठल्या का जमान्यातली असेना.