प्रिसिजन, जॅझ की स्टिंगरे: बेस गिटार निवडताना आधी काय बघायचं

बेस गिटार घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो: अ‍ॅक्टिव्ह घेऊ की पॅसिव्ह? म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प, आवाज घडवणारं सर्किट, असलेली की नसलेली? सुरुवात इथून करू नये असं माझं ठाम मत आहे. प्रीअ‍ॅम्प नंतर बसवता येतो आणि काढताही येतो. पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग, बदलता येतात, तारा तर बदलायच्याच असतात. सहज बदलता येत नाहीत त्या दोन गोष्टी: नेकची, म्हणजे डाव्या हाताने धरायच्या दांड्याची, लांबी-रुंदी, आणि पिकअप तारेच्या नेमक्या कोणत्या भागाखाली बसलाय ती जागा. म्हणून आधी हात, मग पिकअपची जागा आणि शेवटी इलेक्ट्रॉनिक्स, या क्रमाने बघावं.

तुलनेसाठी तीन घराणी पुरेशी आहेत, कारण हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकावर, नाव कुणाचंही असलं तरी आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक बेस यांच्याच वळणावर बनलेल्या असतात. फेंडरची प्रिसिजन 1951 ची, जॅझ 1960 ची आणि म्युझिक मॅनची स्टिंगरे 1976 ची. तिन्हींच्या मागे लिओ फेंडर हाच माणूस आहे. पंचवीस वर्षांत त्याचे विचार कसे बदलत गेले ते या तीन वाद्यांत सरळ दिसतं.

आधी डावा हात

जॅझची नेक नटपाशी, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या तारांच्या खाचपट्टीपाशी, साधारण 38 मिलिमीटर रुंद असते, प्रिसिजनची 41 ते 42, आणि स्टिंगरे प्रिसिजनच्या जवळपास. तीन-चार मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तासभर वाजवलं की मनगट त्याची दखल घेतं. जॅझची नेक वर अरुंद आणि बॉडीकडे जाताना रुंद होत जाते. ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, तारांमधलं अंतर तिन्हींत जवळपास सारखंच असल्यामुळे उजव्या हाताला फारसा फरक कळत नाही. लहान हाताला जॅझच सोयीची, असा सरसकट नियम मात्र करू नका. बोटं जाड असतील तर जॅझच्या पहिल्या फ्रेटवर शेजारची तार नकळत दाबली जाते, आणि अशांना प्रिसिजनची ऐसपैस नेक जास्त मोकळी वाटते.

या तिन्हींचा स्केल 34 इंच आहे, म्हणजे नट ते ब्रिज तारेची वाजणारी लांबी तेवढी. त्यावर पहिले चार फ्रेट मिळून जवळजवळ 18 सेंटिमीटर जागा घेतात. 30 इंची शॉर्ट स्केलवर तेच चार फ्रेट पावणेसोळा सेंटिमीटरच्या आत बसतात. चारही बोटं ताणून बसवताना खांद्यापर्यंत कळ येत असेल, तर या दोन सेंटिमीटरचं मोल फार मोठं आहे. बदल्यात काहीतरी जातं. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली, तर 30 इंचावर ताण सुमारे 22 टक्के कमी होतो. तार सैल लागते, सर्वांत जाड ई तारेचा कडकपणा जातो आणि आवाजाला गोलाई येते. पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर याच जातीची. शॉर्ट स्केलला नवशिक्यांचं वाद्य समजणं मला अजिबात पटत नाही. तिचा आवाज वेगळा आहे, आणि तो हवा असेल तर 34 इंचावर तो सहज मिळत नाही.

वजन आणि तोल पट्टा लावून, उभं राहूनच बघावा. उभे राहा आणि डावा हात नेकवरून काढून घ्या. हेडस्टॉक जमिनीकडे झुकायला लागला, तर पुढची सगळी वर्षं तुमचा डावा हात वाजवण्याबरोबर नेक उचलून धरण्याचंही काम करणार. बॉडीचं लाकूड कोणतं, यावर खूप बोललं जातं. मी त्याचा विचार वजनापुरता करतो.

पिकअप कुठे बसलाय

तार मधल्या भागात जास्त झुलते आणि ब्रिजजवळ कमी. म्हणून ब्रिजपासून लांब बसलेल्या पिकअपला मूळ खर्ज भरपूर मिळतो, तर ब्रिजजवळच्या पिकअपला वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) जास्त आणि खर्ज कमी. कोणताही नॉब फिरवून ही जागा बदलता येत नाही.

प्रिसिजनचा पिकअप मधोमध, थोडा नेककडे झुकलेला असतो. 1957 पासून तो दोन तुकड्यांत आहे: ई आणि ए तारांखाली एक, डी आणि जी तारांखाली दुसरा. दोन्ही तुकड्यांची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असल्यामुळे विजेची गुणगुण आपोआप कापली जाते. नॉब दोनच, व्हॉल्यूम आणि टोन. आवाज एकच, पण तो लो-मिडमध्ये (मधल्या पट्टीच्या खालच्या भागात) भरदार असतो आणि गर्दीतून वाट काढतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सनने हीच बेस वाजवली, जुन्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारांवर आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने.

जॅझवर दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी वेटोळ्याचे पिकअप, असतात. प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम आणि दोघांना मिळून एक टोन. हे वाद्य समजून घ्यायचं तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि ए तार छेडत राहा. आवाज स्वच्छ, रुंद आणि मध्ये थोडा खोलगट येईल. एकच तार दोन जागांहून ऐकली जात असल्यामुळे मधल्या काही लहरी एकमेकींना मारतात. आता नेककडचा व्हॉल्यूम हळूहळू कमी करा. मिड पुढे यायला लागतात, आवाजाला नाकातला, गुरगुरणारा रंग चढतो, आणि सोबत बारीक गुणगुणही सुरू होते. दोन्ही पिकअप सारखे उघडे असतानाच ती कापली जाते, एकटाच पिकअप उघडा असला की तो गुणगुणतो. जॅको पॅस्टोरियसचा गाणारा फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या बेसचा) आवाज ब्रिजकडच्या पिकअपवर उभा आहे, तर मार्कस मिलरच्या स्लॅपमध्ये (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्यात) जॅझची चमक आणि खणखणीतपणा आहे. या एका वाद्यात एवढा पल्ला बसतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. खोलीत एकट्याने वाजवून बघताना जॅझ जवळजवळ नेहमी जिंकते. दोन्ही पिकअप उघडे असताना ती फार देखणी वाजते. दोन गिटार, ड्रम आणि गायक यांच्यात मात्र तोच खोलगट आवाज मागे पडतो, कारण बेसची जी ओळख कानाला मिडमधून पटते तीच तिथे कमी असते. प्रिसिजनचं उलट आहे. एकटी साधी, किंचित बोजड वाटते आणि बँडमध्ये बरोबर आपल्या जागी जाऊन बसते. जॅझवाल्यांनी गर्दीत वाजवताना एक पिकअप थोडा मागे घ्यावा. फरक लगेच ऐकू येतो.

स्टिंगरेवर एकच मोठा हमबकर, म्हणजे गुणगुण कापणारा दुहेरी वेटोळ्याचा पिकअप, मध्य आणि ब्रिज यांच्या दरम्यान. गुणगुण नाही, तारेचा ठोका थेट अंगावर येतो. लुइस जॉन्सनने तिच्यावर वाजवलेला अंगठ्याचा स्लॅप ऐकला की ही बेस कशासाठी आहे ते कळतं. तिची मर्यादाही त्यातच आहे. तो दणकट, किंचित धातूचा चावा कमी करता येतो, पूर्ण पुसता येत नाही. हळुवार गाण्यांची साथ हेच तुमचं मुख्य काम असेल, तर स्टिंगरे मी सुचवणार नाही.

मध्ये प्रिसिजनचा आणि ब्रिजपाशी जॅझचा पिकअप, अशी पी-जे जोडीही मिळते. कल्पना उत्तम आहे, पण प्रिसिजनचा पिकअप अंगानेच जोरकस असल्यामुळे जॅझचा त्याच्यापुढे दबतो. घेताना ब्रिजकडचा पिकअप एकटा किती जोरात वाजतो ते तपासा. स्क्रूने त्याची उंची वाढवून थोडं जमवून घेता येतं.

आता बॅटरीचा प्रश्न

पॅसिव्ह बेसमधला टोन नॉब म्हणजे साधारण 250 किलोओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रोधक) आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो फक्त ट्रेबल कापतो, वाढवू काहीच शकत नाही. शिवाय केबल जितकी लांब, तितकी वरची चमक वाटेत गळते.

अ‍ॅक्टिव्हमध्ये आत प्रीअ‍ॅम्प असतो, बहुधा 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. तो बेस आणि ट्रेबल वाढवूही शकतो, आणि पुढे लांब केबल असली तरी आवाज फिका पडू देत नाही. अ‍ॅक्टिव्ह म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक बेसमध्ये पिकअप साधेच असतात, फक्त त्यांच्यानंतरचा प्रीअ‍ॅम्प अ‍ॅक्टिव्ह असतो. इएमजीसारख्या कंपन्यांचे पिकअप स्वतःच अ‍ॅक्टिव्ह, ती वेगळी गोष्ट.

नवीन माणूस अ‍ॅक्टिव्हचा बेस नॉब पूर्ण फिरवतो आणि खूश होतो. मोकळी ई तार 41 हर्ट्‌झवर वाजते. सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर तिथवर नीट पोचत नाही, आपण ऐकतो ते मुख्यतः 82 हर्ट्‌झ आणि त्यावरचे हार्मोनिक. खालचा भाग फुगवला की अ‍ॅम्पची ताकद खर्च होते आणि आवाज गढूळ होतो. ट्रेबल फार वाढवला की सरसर ऐकू येते. प्रीअ‍ॅम्प हे थोडंसं फिरवायचं साधन आहे.

आणखी एक रोजची बाब: बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचली की बॅटरी चालू होते. अ‍ॅम्प बंद असला तरी केबल लावून ठेवलेली बेस रात्रभर बॅटरी खात राहते. बॅटरी उतरायला लागली की आधी जोराचे सूर फाटतात, मग आवाज बसतो. म्हणून पॅसिव्हवर नेणारा स्विच असलेलीच अ‍ॅक्टिव्ह बेस घ्यावी.

पहिली बेस असेल तर माझा कौल पॅसिव्हला. आवाज बोटांतून आणि तार छेडण्याच्या जागेतून कसा बदलतो, हे तिच्यावर लवकर समजतं. स्लॅप हाच तुमचा बाज असेल, किंवा दर कार्यक्रमात वेगळ्याच अ‍ॅम्पशी गाठ पडत असेल, तर अ‍ॅक्टिव्ह खुशाल घ्या.

उरलेल्या गोष्टी

आपल्या बेसचा आवाज आवडत नाही म्हणून दुसरी घ्यायला निघाला असाल, तर आधी तारा बदलून बघा. राउंडवाउंड तारा खणखणीत, फ्लॅटवाउंड गुळगुळीत आणि ठोस. प्रिसिजनवर एक संच काढून दुसरा चढवला तर कान बंद करून बसलेल्यालाही बोटांखाली फरक कळेल.

पाच तारांची बेस गाण्यांना ई च्या खालचे सूर खरोखर लागत असतील तरच घ्यावी. पाचवी, लो-बी तार सुमारे 31 हर्ट्‌झवर वाजते आणि 34 इंचावर ती बऱ्याच स्वस्त बेसमध्ये पिळपिळीत लागते. 35 इंची स्केलवर तिचा ताण 6 टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्यानेही ती सावरते. एखाद-दुसऱ्या गाण्यापुरता खालचा डी हवा असेल, तर ई तार उतरवून काम भागतं.

प्रत्यक्ष तपासताना तिन्ही बेसवर एकच ओळ वाजवा, टोन पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद ठेवून. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून बघा, कुठे सूर मरतो का, कुठे तार घासते का. वापरलेली बेस असेल तर बॉडीकडून नेकच्या कडेने नजर टाका. नेक पुढे वाकलेली दिसली, तर ट्रस रॉडचा, म्हणजे नेकला सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचा, नट आणखी किती आवळता येतो ते जाणकाराकडून बघून घ्या. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर ती बेस सोडून द्या, पिकअप कितीही चांगले असले तरी.