नागपूरच्या धंतोलीतील मानसोपचार रुग्णालय : उपचार उत्तम, विमा कक्ष अनभिज्ञ

धाकट्या भावाला धंतोलीतील एका खासगी मानसोपचार रुग्णालयात दाखल केले, तेव्हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील तरतुदी तेथे खरोखर पाळल्या जातात हे पाहून मोठा दिलासा मिळाला. डॉक्टरांनी आमच्याआधी त्याच्याशीच बोलून औषधांचे परिणाम समजावले, त्याची संमती घेतली आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारी, त्याने नेमलेली व्यक्ती) कोण असावा हेही त्यालाच ठरवू दिले. मनाच्या आजारात रुग्णाला असा मान आपल्याकडे अजून क्वचितच मिळतो. परिचारिका प्रेमळ, जेवण साधारण. विमा कक्षात मात्र मानसिक आजाराला विमा लागूच होत नाही, असे ठामपणे सांगण्यात आले. वास्तविक याच कायद्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच या उपचारांसाठीही विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. त्या कर्मचाऱ्यांना व्यवस्थापनाने तातडीने प्रशिक्षण द्यावे.